कल्सोमच्या अंगठ्याखालचे घड्याळ

मित्रांनो, जोहोरच्या एका मोटार क्लबात जिन्याजवळ काचेची पेटी आहे. तिच्यात ठेवलेले शर्यतीचे जुने घड्याळ म्हणजे मी. माझ्याखाली पितळी पट्टीवर एका माणसाचे नाव कोरले आहे. ते नाव चुकीचे आहे.

माझा जन्म दूरच्या थंड देशात झाला. मला दोन काटे दिले गेले. बाजूचा खटका दाबला की एक थांबतो, दुसरा धावत राहतो. मी आधी घोड्यांच्या शर्यतीत राबले. काच तडकल्यावर मला भंगारात काढले, तिथून कल्सोमने उचलले. ती कपडे शिवत असे. सुईने घट्टे पडलेला तिचा अंगठा खटक्यावर बसला आणि मला माझे माणूस मिळाले.

मोटारींच्या शर्यतीच्या दिवशी ती केळीच्या पानातला नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि वही घेऊन लाकडी पायऱ्यांवर बसे. कोणाचे टायर झिजले, कोणाला पेट्रोल पुरणार नाही, हे ती आकड्यांवरून दोन फेऱ्या आधीच सांगे. शेजारचे पुरुष हसत.

"कल्सोम, यातला तुझा नवरा कोणता गं?"

"नवऱ्यासाठी कोण येतंय! एकोणीस नंबरचा गिअर घसरतोय, तो ऐका."

घरी गेल्यावर ती मला पूर्ण थांबेपर्यंत चालू देई, कारण ताणून ठेवलेली स्प्रिंग हळूहळू मरते. तिला एकच हवे होते: वेळ मोजणाऱ्यांच्या टेबलाशी एक खुर्ची. क्लबात बायकांना जागा होती, पण चहाच्या टेबलाशी.

एका मोठ्या शर्यतीत एकोणीस नंबरचा लिम चाळिसाव्या फेरीच्या शेवटी पेट्रोलसाठी आत वळला. त्याच्या थांबण्याची जागा अंतिम रेषेच्या थोडी पलीकडे होती. म्हणजे थांबण्यापूर्वीच त्याने आतल्या गल्लीतून रेषा ओलांडली आणि फेरी पूर्ण केली. अधिकाऱ्यांचे डोळे मात्र बाहेरच्या रस्त्यावर होते. निकालात त्याची एक फेरी कमी भरली आणि पहिला आलेला लिम चौथा ठरला. हरकत घ्यायला अर्धा तास होता.

कल्सोम टेबलाकडे धावली. "लिमची चाळिसावी फेरी राहिलीय. ही बघा वेळ."

सचिवांनी वहीकडे पाहिलेही नाही. "बाई, चहा तिकडे. इथं आकडेमोड चाललीय."

"तीच तर चुकलीय!"

सारे टेबल हसले. मागे तिचा थोरला भाऊ, तिचा आबांग, मन्सोर उभा होता. त्याला फेऱ्यांचा तक्तासुद्धा वाचता येत नसे.

"दे इकडे. माझं ऐकतील."

"आबांग, काय सांगायचं ते कळलंय का तुला?"

"तू पढव, मी बोलतो. घड्याळही दे, कशानं मोजलं म्हणून विचारतील."

दहा मिनिटे उरली होती. तिने वही दिली, आणि मलाही.

तेच आकडे, तेच वाक्य. सचिव उभे राहिले. "वा मन्सोर, काय नजर आहे!" लिमला त्याचा विजय मिळाला, मन्सोरला टेबलाशी खुर्ची.

"आबांग, माझं घड्याळ?"

"खुर्चीवर बसायचं तर हातात घड्याळ नको? तुझ्या पायऱ्यांवर कोण विचारतंय!"

बावीस वर्षे मी त्याच्या मऊ अंगठ्याखाली होते. तो नेहमी उशिरा दाबी. पहिले दोन हंगाम तो हळूच पायऱ्यांकडे जाऊन तिला वेळा विचारून येई. तिसऱ्या हंगामात ती जागा रिकामी होती. पुढे विजेची यंत्रे आली. त्याने मला ताणलेल्या स्प्रिंगसह क्लबाला भेट दिले, आणि टाळ्या झाल्या.

गेल्या महिन्यात पांढऱ्या केसांची कल्सोम पेटीपुढे उभी राहिली. क्लबातला कारकून म्हाताऱ्या मावशीला सांगावे तसे उत्साहाने समजावू लागला, "माकचिक, हे वेळ मोजायचं घड्याळ. हा खटका दाबला की एक काटा थांबतो."

"हो का?" ती म्हणाली. "चावी भरून ठेवलंय का?"

"मन्सोरसाहेबांनी दिलं तसंच आहे."

"मग मेलं असेल. बघ चालवून."

त्याने पेटी उघडून मला चालू करणारा वरचा खटका दाबला. तिच्यासाठी मी जीव एकवटला. चार सेकंद धावले आणि थांबले.

"मी बघू?" तिने अंगठा पुढे केला.

"नको हं, माकचिक. नाजूक असतं, सवय लागते."

तिने हात मागे घेतला. पट्टीवरचे भावाचे नाव वाचले आणि ती जिना उतरून गेली.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू पाहाल, तेव्हा ती कोणाच्या हाताने चालत होती हे विचारा. मला जपायचे असेल, तर तेल नको, काच पुसणे नको. आधी ती पट्टी काढा.