डेन्व्हरच्या बंदुकीवरचा लाल ठिपका

या, बसा असे जवळ. कॉफी आपली आपणच ओतून घ्या, माझे गुडघे आज उठू देत नाहीत. ऑर्वल टॅकेटची गोष्ट सांगतो तुम्हाला. ऐकून झाल्यावर त्या समोरच्या डोंगराच्या धारेकडं तुम्ही पहिल्यासारखं बघू शकलात, तर मला खुशाल नावं ठेवा.

ऑर्वल म्हणजे आमच्या केंटकीच्या या खोऱ्यातला टर्की पक्ष्यांचा जुना शिकारी. बोलायला काटेरी, आतनं लोणी. त्याचा थोरला भाऊ डेन्व्हर. एका वसंतात तो वरच्या धारेवर गेला, बीच नावाच्या झाडाला पाठ लावून बसला आणि तिथंच मेला. कुणीतरी त्याला टर्की समजून बार टाकला. थर्मासचं झाकण लाल होतं हो! त्यातनं कॉफी पीत होता. नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं, म्हणून आमच्यात त्या रंगांचा साधा हातरुमाल कुणी रानात नेत नाही. डेन्व्हरनं जन्मभर पाळलं, आणि नवा थर्मास घेतला त्या दिवशी विसरला. बार टाकणारा पळाला. कोण ते आजवर कळलं नाही. इथलाच कुणीतरी, एवढं सगळ्यांना ठाऊक.

तेव्हापासून ऑर्वल चर्चमध्ये बसला, तरी पुढच्या बाकावरच्या मानगुटी बघत बसायचा. हा असेल? का तो?

त्यात त्याचा उजवा डोळा धुरकट झाला. नळीच्या टोकाचा नेम धरायचा मणी बघावा तर पक्षी दिसेना, पक्षी बघावा तर मणी गायब. एकदा झुडपात हललं म्हणून बंदूक उचलली, तर निघाली शेजाऱ्याची कुत्री. बार टाकला नाही, पण घरी येऊन पायरीवर जो बसला तो जेवायलाही उठेना.

बायको लोरीन बाहेर आली. "म्हाताऱ्या, एक तर त्या बंदुकीवर काहीतरी बसवून घे, नाहीतर टांग भिंतीवर."

"मला मरायची भीती नाही गं."

"मला ठाऊक आहे कसली आहे ती. उद्या तुझ्या हातनं कुणाचा तरी डेन्व्हर होईल."

बोलली ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी तो बंदुकीवर नेमाची डबी बसवायला रोंडाकडं गेला; तिच्या काचेत बघितलं की नेम असेल तिथं लाल ठिपका दिसतो. रोंडा ही डेन्व्हरची मुलगी, शेडमध्ये बंदुका दुरुस्त करते. आणि ऑर्वलची बंदूक म्हणजे डेन्व्हरचीच, तिनंच काकाला दिलेली.

"काका, माझ्या बापाच्या बंदुकीला भोकं पाडायची म्हणतोस?"

"तुझ्या बापाला विचारलं असतं, पण तो उत्तर देत नाही."

"दिलं असतं तर शिवीच दिली असती. लाल ठिपक्याच्या डबीला म्हाताऱ्यांचा चष्मा म्हणायचा तो."

"म्हणू दे. म्हातारा झालाच नाही तो, त्याला काय कळतंय?"

रोंडा हसली, मग हसायची थांबली. चामड्याचा तुकडा लावून तिनं बंदूक बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळली, पाठीवर खुणा केल्या, तेल सोडलं आणि ड्रिल लावलं. पोलाद किंचाळलं. त्या किंचाळण्यात मध्येच एक उचकी लागली, आणि दोघांनी एकदम एकमेकांकडं बघितलं. डेन्व्हर लाकडी डबीचं झाकण घासून नराला भुलवायला टर्कीच्या मादीची हाक काढायचा ना, तिच्यात अशीच उचकी होती. ती डबी त्याच्याबरोबरच पुरलेली.

"ड्रिलची धार गेलीय," रोंडा म्हणाली.

"गेली असेल," ऑर्वल म्हणाला.

आटे पाडून झाले, पट्टी बसली, स्क्रूला निळ्या डिंकाचा थेंब लावून तिनं ठिपक्याची डबी घट्ट केली. मग दोघं मागच्या माळावर गेले. कागदावर टर्कीचं डोकं, बंदूक वाळूच्या पिशवीवर. पहिले छर्रे उजवीकडं खाली गेले. रोंडानं डबीचे स्क्रू फिरवले, पुढचे बरोबर मानेत. ऊन डोक्यावर होतं, ठिपका दिसेना, म्हणून तिनं तो पार भडक केला.

"दोन्ही डोळे उघडे ठेव. ठिपक्याकडं बघूच नकोस, पक्ष्याकडं बघ. आणि पहाटे ठिपका मंद करायचा हं, नाहीतर अंधारात फुगून सगळं झाकतो, विसरू नकोस!"

"हो गं आजीबाई."

आणि विसरला. विसरणारच! आमची म्हातारी माणसं जन्मभर मण्यावर नेम धरलेली. मणी काय मंद करायचा असतो?

हंगामाच्या पहिल्या पहाटे तो धारेवर जाऊन बसला. धुकं, झाडाझाडावर दहिवर गोठलेलं. दरीत एक नर ओरडला नि गप झाला. मग पलीकडच्या झाडीतनं मादीची हाक आली. एक, दोन, तीन, आणि उचकी.

ती उचकी ऑर्वलनं ओळखली. आवाजाच्या मागं जायचं नाही हा आमचा नियम, बसल्या जागी थांबायचं. त्यानं तोंडात धरलेल्या शिटीच्या पडद्यानं तशीच हाक काढून उत्तर दिलं. पलीकडनं पुन्हा हाक, जरा जवळनं. मग समोर पाचोळ्यात खसखस.

त्यानं हळूच बंदूक खांद्याला लावली. काचेत लालभडक डोकं! एवढं मोठं, एवढं जवळ. त्याचा अंगठा बंदुकीच्या सुरक्षेच्या खटक्यावर गेला, बोट चापावर आलं. डोकं वर झालं. खाली झालं. वर, खाली. ऑर्वलनं श्वास रोखला, तसं डोकंही थांबलं. सोडला, तसं हललं.

टर्की आपल्या श्वासानं कशी काय हलेल?

बोट आपोआप चापावरनं सुटलं. त्यानं चाचपडत डबीचं बटण दाबलं. लाल आक्रसत गेलं, मोहरीएवढं झालं. त्याच्यामागं ते बीचचं झाड होतं, डेन्व्हरचं. झाडाला पाठ लावून माणूस बसलेला. खुरटी दाढी, हनुवटी छातीशी.

रानात माणूस दिसला की हात हलवायचा नाही, शीळ घालायची नाही. तोंडानं बोलायचं. ऑर्वल बोलला, "माणूस आहे इथं! ऑर्वल टॅकेट! माणूस आहे!"

त्या माणसानं मान वर केली. चेहरा दिसेपर्यंत धुकं मध्ये आलं.

ऑर्वल बंदूक रिकामी करून तिथं गेला. कुणी नाही. सगळ्या रानावर दहिवर, झाडाच्या बुंध्याशी मात्र नाही. पाचोळा बसक्या माणसाएवढा दबलेला. त्यानं हात टेकवला. ऊब होती.

तो तिथंच बसला, भावाच्या जागेवर. समोर, जिथं तो मघाशी होता, तिथं बघत राहिला. डेन्व्हरवर बार टाकणाऱ्याला काय दिसलं असेल ते त्याला पहिल्यांदा कळलं. एक लाल डोकं. त्यापलीकडं काही नाही. आणि मग धावत जाऊन त्यानं काय बघितलं असेल, तेही.

दुपारी रोंडानं विचारलं, "ठिपका लागला का नीट, काका?"

"लागला. माणूस दिसतो त्यातनं."

चर्चमध्ये आता ऑर्वल मान खाली घालून बसतो. पहाटे कधीकधी लोरीनला जागं करून विचारतो, "ऐकलंस का?" ती म्हणते, "ऐकलं. झोप." खरं सांगू, मीही ऐकलंय.

तुम्ही पुस्तकं विकत गावोगाव हिंडता, दहा घरी बसता. एवढं काम करा माझं. कुठं कुणी म्हातारा भेटला, वसंतात रानाकडं पाठ करून बसणारा, लाल काही दिसलं की नजर वळवणारा, तर त्याला नाव विचारू नका. म्हणावं, टॅकेटच्या मागच्या दाराला कडी नसते. ऑर्वल काही विचारणार नाही, नुसता शेजारी बसेल. लवकर ये म्हणावं.