राजाला निजवायचं कसं

म्हैसूरच्या शिवरामपेठेत शेषगिरीचं खेळण्यातल्या मोटारी अन् विमानं दुरुस्त करायचं दुकान. काउंटरवर एक रबरी सरडा. गिऱ्हाईक वाकलं की सरडा गर्रकन मान वळवायचा, अन् गिऱ्हाईक मागच्या मागे! सरड्याच्या पोटात एक छोटी सर्वो मोटर, बास. पन्नाशी उलटली तरी शेषगिरीला हसू आवरायचं नाही. "दचकवायचं तर वेग पाहिजे," म्हणायचा.

यंदाच्या दसऱ्याला मात्र त्याला कुणालाच दचकवायचं नव्हतं.

त्याच्या आईला, पुट्टलक्ष्मम्माला, लग्नात माहेरून रक्तचंदनाचे राजा-राणी मिळालेले. दर नवरात्रात घरात पायऱ्या रचून बाहुल्या मांडायच्या, त्यात हे दोघे सगळ्यात वर उभे राहायचे, अन् विजयादशमीच्या संध्याकाळी, सण संपला म्हणून, ती राजाला आपल्या हातानं आडवं करून निजवायची. साठ वर्षं. आता हात थरथरायला लागले. गेल्या वर्षी राजा निसटला, नाकाचा टवका उडाला. यंदा ती म्हणाली, "मांडूच नका. निजवता येत नाही त्याला उभं कशाला करायचं?"

"मांडायचे. अन् निजवायचं तूच," शेषगिरी म्हणाला.

त्यानं एक उभी फळी घेतली, तिला आडवं करायला मोटर जोडली, समोर एक बटण. राजाच्या जागी आधी लाटणं बांधलं, ते बरं झालं. बटण दाबताच लाटणं धाडकन आपटलं.

"अण्णा, निजवतोयस का कुस्ती खेळतोयस?" बहीण वेदवती म्हणाली.

सर्वोचं असंच. कुठवर जायचं सांगा, जीव खाऊन पळत सुटते. हळू जा म्हटलेलं तिला कळत नाही. मग त्यानं तिला एकेक अंशानं वळायला सांगितलं, मध्ये जरा थांबत. लाटणं सावकाश आलं, पण निघताना हिसका अन् थांबताना हिसका.

"हमालानं पोतं उतरवल्यागत," वेदवती म्हणाली अन् मांडीवरच्या नातीला पाळण्यात ठेवायला उठली.

शेषगिरी बघतच राहिला. आधी तिचे हात हलतायत का नाही तेच कळेना. मध्ये जरा वेग आला, अन् गादी जवळ येताना पुन्हा तसंच, श्वास रोखल्यासारखं. नवरात्रभर त्यानं मोटरला तेवढंच शिकवलं. आधी पाव-पाव अंश, मग वाढत वाढत, मग पुन्हा बारीक. नवमीला लाटणं असं निजलं की वेदवतीला नाव ठेवायला काही सापडेना.

दशमीच्या संध्याकाळी फळीवर राजा बांधला, खाली छोटी गादी अंथरली, समई लावली. आईनं बटणावर बोट ठेवलं. बोट थरथरलं, अन् बटण पाच-सहादा दाबलं गेलं. दर वेळी सगळं पहिल्यापासून! राजा जरा कलायचा, झटक्यात उभा राहायचा, पुन्हा कलायचा.

आईनं हात मागे घेतला. "तूच दाब, बाळा."

शेषगिरीनं नऊ दिवस आपल्याच धड बोटानं बटण दाबून पाहिलं होतं. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्याला वाटलं. तो तिथंच फरशीवर लॅपटॉप घेऊन बसला अन् मोटरला आणखी एक गोष्ट सांगितली: पहिल्यांदा दाबलेलं तेवढं ऐकायचं, मग राजा निजेपर्यंत ठार बहिरं व्हायचं.

"दाब आता, अम्मा. हवी तितकी थरथर. राजा एकदाच ऐकेल."

"तू तर एकदाही ऐकलं नाहीस," म्हणत तिनं दाबलं.

राजा हलला कधी, कुणाला कळलं नाही. झुकला, खाली आला अन् गादीवर टेकला. टेकल्यावर मोटर बारीक गुणगुणत राहिली.

"घोरतोय," वेदवती कुजबुजली.

आईनं राजाच्या छातीवर हात ठेवला. "घोरत नाही गं. कुणीतरी अजून धरून ठेवलंय त्याला. सोड रे."

शेषगिरीनं फळी तोलून धरलेल्या मोटरची तार उपटली. फळी केसभर खाली बसली, आवाज थांबला.

आई राजाच्या अंगावर रेशमी फडकं ओढायला लागली. कड तीनदा बोटांतून निसटली. कुणी पुढं झालं नाही.