गुलाबांच्या वाफ्यातला पाऊस

अहो, जरा खाली बघा. मी पर्जन्यमापक बोलतोय. दिसायला साधी नळी आणि डोक्यावर नरसाळं. पण इथल्या लहान शेतकऱ्यांच्या पीकविम्याचा निवाडा माझ्या पोटातल्या पाण्यावर होतो. पाणी कमी भरलं, तर त्यांना भरपाई. जास्त भरलं, तर कोपरापासून नमस्कार!

कारखान्यात मला पुन्हा पुन्हा पाणी ओतून तपासलं होतं. एका थेंबाची चूक निघाली नाही. तेव्हापासून माझी मान ताठ. नियमाप्रमाणे मला मोकळ्या माळावर उभं करायचं होतं, पण विमा कचेरीच्या साहेबांना ऊन सोसत नाही. "एवढ्या लांब रोज कोण तडमडणार?" म्हणत त्यांनी मला खिडकीखालच्या गुलाबांच्या वाफ्यात रोवलं. खुर्चीतून मान वळवली की आकडा हजर.

त्या वर्षी आभाळाने दगा दिला. गुलाबांना मात्र माळीदादा रोज संध्याकाळी फवारा लावायचे. सकाळी साहेब माझ्याकडे बघून खूश, "वा! रात्री चांगला कोसळलेला दिसतोय." समोरचा रस्ता धुळीने माखलेला असायचा, पण तिकडे बघतो कोण? मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एका संध्याकाळी मका पिकवणाऱ्या मामी आल्या. अर्ध्या एकरातला मका पार करपला होता. विम्याच्या भरवशावर त्यांनी पुढच्या पेरणीचं बियाणं सांगून ठेवलं होतं.

"मामी, तुमच्याकडे पाऊस उत्तम झालाय," साहेब म्हणाले.

"कुणाकडे?"

"यंत्र खोटं बोलत नाही."

तेवढ्यात फवारा सुरू झाला. मामी खिडकीतून बघतच राहिल्या.

"साहेब, तुमचा पाऊस नळाला येतो होय?"

साहेबांचा चेहरा पडला. पण शब्द मागे घेतील तर ते साहेब कसले! "पाणी कुठून आलं, ते नियमात विचारलेलं नाही."

मामींनी बाहेर येऊन मला उपटलं, काखोटीला मारलं आणि थेट आपल्या शेतात नेऊन रोवलं. साहेब खिडकीतून ओरडत राहिले.

आता मी मक्याच्या वाळलेल्या ताटांत उभा आहे. पावसाबद्दल पहिल्यांदाच खरं बोलतोय. पण साहेबांचा निरोप आलाय, नोंदलेल्या जागेबाहेरचा आकडा धरला जाणार नाही. वाफ्यात नवीन पर्जन्यमापक बसवलाय म्हणे, आणि तिथे पाऊस जोरात आहे.

उद्यापर्यंत पैसे भरले नाहीत, तर मामींचं बियाणं दुसऱ्याला जाईल. त्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी या. माझ्यात थेंबभरही पाणी नाही, एवढं लिहून घ्या हो.