धार चालू असताना मला हलवू नका

मी पान बोलतोय. वहीचं नव्हे, आणि विड्याचं तर नव्हेच. एकोणीसशे सत्त्याहत्तर साली कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात लोखंडी कपाटाएवढा कॉम्प्युटर आला, त्याच्या स्मृतीतलं मी एक पान. हसू नका. वीज गेली म्हणून मी काही विसरत नाही, आणि खोटं तर मुळीच ऐकून घेत नाही.

मोहरीएवढ्या चुंबकी कड्यांतून केसासारख्या तारा ओवून माझं घर बनवलंय. अशी कितीतरी घरं त्या कपाटात ओळीनं होती, आम्ही त्यांना खण म्हणू. खण म्हणजे घर, आणि त्यात लिहिलेला मजकूर म्हणजे मी. कोणतं पान कोणत्या खणात राहतं, हे बघणारा एक मुख्य प्रोग्राम होता. मशीन सांभाळणारा मानसिंग त्या प्रोग्रामला 'कारभारी' म्हणायचा. मानसिंग विट्याकडचा. त्याच्या गावची पोरं सोनं गाळायला देशभर पांगली, हा एकटाच इंजिनिअर होऊन मशीनच्या नादी लागला. कारभारी त्यानंच लिहिलेला.

माझ्यावर ऊसलागणीच्या नोंदी असत. शेतकरी येऊन सांगायचा, नाथाजी कारकून टाइप करायचा, आणि त्याच क्रमानं पुढच्या हंगामात तोडीचा नंबर लागायचा. शेतकी अधिकारी हंबीरराव यांना मशीनचा एवढा अभिमान, की त्यांनी नोंदीच्या चिठ्ठ्या देणंच बंद केलं. कपाटाची जागाही त्यांनीच पसंत केली, बॉयलरच्या भिंतीला टेकून! गाळप सुरू झालं की आमची ती बाजू भाकरीच्या तव्यासारखी तापायची. मग कारभारी तिकडची पानं उचलून थंड बाजूच्या खणांत हलवायचा.

जानेवारीत शालूबाई नोंद द्यायला आली. नवरा सैन्यात, सीमेवर. ऊस तिनं एकटीनं लावला होता. नाथाजी तिचं नाव टाइप करत होता आणि नेमका तेव्हाच कारभारी मला हलवत होता. माझा वरचा भाग नव्या खणात उतरून झाला होता. तिचं नाव पडलं जुन्या खणातल्या वरच्या भागात. तिकडे पुन्हा कोण बघतो? उरलेला भाग उतरला, पत्ता बदलला, आणि जुन्या खणात दुसरं पान येऊन बसलं. तिच्या नावावरच बसलं. मी ओरडलो, पण पानाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

वर्ष उलटलं. आजूबाजूचे फड तुटले, शालूबाईच्या उसाला तुरे आले. ती ऑफिसात आली.

"आवं सायेब, म्या सोता येऊन नोंद दिली हुती. माजा नंबर कवा?"

"बाई, मशीनमदी तुमचं नाव न्हाई. मशीन खोटं बोलत न्हाई," हंबीरराव म्हणाले.

माझा हवाला देऊन तिला खोटं ठरवलं तेव्हा मला भयंकर राग आला. मी खोटं बोललोच नव्हतो, मला अर्धवट उचललं होतं!

"मंग म्या खोटी व्हय?" शालूबाईनं पदर खोचला आणि दारातच बसकण मारली. "माजं नाव सापडंस्तोवर मी हितनं हलत न्हाई."

मला ती बाई फार आवडली. माझ्यासारखीच होती.

मानसिंगला मात्र चैन पडेना. त्यानं नाथाजीला खोटी नावं टाइप करायला बसवलं आणि कारभाऱ्याला पुन्हा पुन्हा मला हलवायला लावलं. एक नाव गायब झालं. मग आणखी एक. मानसिंगच्या घरी म्हशींचा गोठा. त्यानं कपाळावर हात मारला.

"नाथाजी, धार चालू असताना म्हस हलवली रं मी! दूध भुईवर सांडलं, आन् आपण म्हशीला नावं ठेवतोय."

हेच तो हंबीररावांच्या तोंडावरही बोलला. मग त्यानं कारभारी नव्यानं लिहिला. माझ्यावर कुणाचा लिहिता हात असेल तर मला हलवायचं नाही, हात निघेपर्यंत थांबायचं. हात निघाला की आधी दाराला कडी घालायची. कडी आहे तोवर लिहायला येणाऱ्यानं ओट्यावर थांबायचं. पान पुरतं उतरलं, नवा पत्ता लागला, की मगच कडी काढायची.

दुसऱ्या दिवशी नाथाजी शालूबाईची नोंद तिच्या मूळ क्रमावर टाइप करायला बसला. नाव अर्धं झालं आणि तापल्याचा लाल दिवा पेटला.

"हलव, हलव ते पान!" हंबीरराव मानसिंगवर ओरडले.

कारभारी मला उचलायला आला. आयुष्यात पहिल्यांदा मी ठणकावून सांगितलं, "नाही हलणार! माझ्यावर हात आहे!" आणि तो मुकाट मागे सरला.

"का रं? मशीन ऐकंना का तुजं?"

"साहेब, ऐकत न्हाई, म्हणूनच बरोबर चाललंय."

नाथाजीनं गट नंबर टाकला, हात काढला. कडी पडली. मी नव्या खणात उतरलो, शालूबाईच्या पुऱ्या नावासकट.

त्याच आठवड्यात तिच्या फडात कोयते चालले. ऊस वजनाला थोडा उतरला होता, ते नुकसान कुणी भरून दिलं नाही. ती पुन्हा आली, कपाटावर एक थाप मारली आणि म्हणाली, "आता इसरू नगंस रं बाबा."

आता नवं मशीन येणार म्हणून आम्हाला गोदामात टाकलंय. पोत्यांचा वास, वर धूळ. वायर काढून टाकलीय, तरी शालूबाईचं नाव माझ्या कड्यांत तसंच आहे. उद्या भंगारवाले येतील. येऊ देत. जन्मभर मला हलवतच आलेत, मी हलण्याला भीत नाही. पण हात लावण्याआधी एकदा विचारा, कुणाची धार चालू आहे का. चालू असेल तर मी हलणार नाही, काय करायचं ते करा!