नखं सोडून सगळं

मित्रांनो, मी एक जुना नेलकटर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलेलं आहे. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुमचंही फिरलं असतं.

खोपोलीच्या बाजारातून नागूने मला आणलं. नागू खालापूरच्या बाजूचा भातशेती करणारा. घरात बायको सोनुबाई आणि आता बारावी झालेली मुलगी संजना. तेव्हा माझी पाती अशी जुळायची की मधून उजेड दिसत नसे. संजनाने पहिलं नख कापलं आणि म्हणाली, "बाबा, काय भारी आहे हो हा!" माझी स्तुती झाली ती तेवढीच.

नागूने मला शेतातल्या मोटारीच्या किल्लीला अडकवलं. झालं! सोनुबाई माझ्याने दुधाची पिशवी फोडायची, शेगडीचा बर्नर टोकरायची. नागू तर माझ्या पट्टीने स्क्रू पिळायचा. अरे, मी नेलकटर की घरगडी? मला धुणं-पुसणं तर लांबच राहिलं. आणि नखं? ती कापायला या घरात वारच सापडत नसे. सोमवारी उपास, गुरुवारी नको, शनिवारी तर नकोच नको, अमावास्येला नको, दिवेलागणीनंतर नको. मग कापायची कधी, हे सोनुबाईला विचारायची कोणाची टाप होती!

संजनाला एक वाईट खोड होती. नखाच्या कडेचं सालपट सुटलं की दातांनी ओढायची. मी किल्लीला लटकत बघायचो आणि मनातल्या मनात ओरडायचो.

दोन ठिकाणी नोकरी हुकल्यावर तिला खोपोलीच्या एका औषधांच्या कारखान्यात गोळ्या भरायच्या कामावर बोलावलं. शुक्रवारी फोन आला. सोमवारी हजर व्हायचं, नखं बारीक हवीत, हाताला जखम नको, तपासूनच आत घेतील. पोरीला आभाळ ठेंगणं झालं. दोन वर्षं घरात बसून ती कंटाळली होती आणि ही नोकरी तिला हवीच होती.

तिने लगेच मला हातात घेतलं, तर सोनुबाई कडाडली, "दिवा लावलाय ना गं? आता नखं कापतात व्हय?"

दुसऱ्या दिवशी शनिवार. "आज तर अजिबात नाय!"

"अगं आई, सोमवारी जायचंय मला!"

"मग रविवार हाय की मधी."

रविवारी सकाळी नागू मला घेऊन शेतावर गेला. मोटारीची वायर उंदरांनी कुरतडली होती. नागूने काय करावं? तांब्याची वायर माझ्या पात्यात धरली आणि दाबली. एकदा नाही, चारदा! माझ्या पात्याला ही एवढी खाच पडली. मी कळवळलो, पण नेलकटरचं कोण ऐकतं?

दुपारी मी संजनाच्या हातात पडलो, तेव्हा ती घाईत होती. नखं भिजवली नाहीत, मला धुतलं नाही. मी नखं कापत नव्हतो, फाडत होतो. तिने मोबाइलवर कुठेतरी बघितलं होतं की नखाच्या मुळाची कातडी काढली की हात स्वच्छ दिसतात. म्हणून तिने ती पातळ कातडीही माझ्या खाचेत धरून कापून टाकली. अगं बाई, ती कातडी घाण आत जाऊ नये म्हणून असते! दाराला लावलेली फळीच तू काढलीस! उरलेलं सालपट तिने दातांनी ओढलं.

सोमवारी सकाळी उजव्या हाताचं मधलं बोट टम्म सुजलं. नखुरडं झालं होतं.

तशीच ती गेली आणि दुपारपर्यंत रडत परत आली. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "पिकलेलं बोट घेऊन गोळ्यांना हात लावता येणार नाही. पुढच्या सोमवारपर्यंत बरं झालं तर ये, नाहीतर दुसऱ्या मुलीला घेऊ."

नागू म्हणाला, "हा नेलकटरच बोगस हाय." घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी! अरे गृहस्था, वायर कोणी कापली?

संध्याकाळी गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई भागी आली. बोट बघून म्हणाली, "आधी डॉक्टरकडं चल." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. भागीने घरी बसून सगळं समजावलं. "बोट कोमट पाण्यात बुडवायचं दिवसातून तीन-चारदा, मग कोरडं पुसायचं. आन बरं झाल्यावर ऐक, मुळाची कातडी कापायची नाय गं! आंघोळीनंतर मऊ झाली की फडक्यानं हळूच मागं सारायची, वर खोबरेल चोळायचं. सालपट ओढायचं नाय, बुडाशी कापायचं." मग तिने मला उचलून डोळ्यांसमोर धरलं. "ह्यानं कापलीस? ह्यानं मी दोरी पन कापनार नाय!"

मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, रागही आला, कारण ती बोलली ते खोटं नव्हतं.

आठवडाभर सोनुबाईने पोरीला भांड्याला हात लावू दिला नाही, कोमट पाणी स्वतः करून दिलं. शनिवारी सूज उतरली. रविवारी नागू मुकाट्याने खालापूरला गेला आणि नवा नेलकटर घेऊन आला. संजनाने आंघोळ झाल्यावर मऊ नखं सरळ कापली, कडा घासल्या, नवा धुऊन पुसून फळीवर ठेवला. मी खिळ्याला लटकून बघत होतो.

सोमवारी संध्याकाळी ती धावतच घरात आली. "घेतलं गं आई मला! बाईंनी दहाही बोटं बघितली आणि म्हणाल्या, आत जा." सोनुबाईने तिचे हात धरून गालाला लावले.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, ज्या कामासाठी माझा जन्म झाला ते काम या घरात इतक्या वर्षांनी मनासारखं झालं, आणि ते दुसऱ्याने केलं. माझी पाती आता कोणी नीट करणार नाही. तुमच्या घरात असेल त्याला तरी धुवा, कोरडा ठेवा आणि कृपा करून फक्त नखं कापू द्या. एवढंच मागतो, बाबांनो.