दहा वाजून सोळा मिनिटांनी

गौरवी परब पेडण्याजवळच्या कोरगावची. सव्विसाव्या वर्षी ती एका मालवाहू जहाजावर तिसरी अधिकारी होती. सकाळी आठ ते बारा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, तिचा पहारा असायचा. जहाज कुठे आहे, कुठे चाललंय, समोर काय आहे, हे त्या चार तासांत बघणं तिचं काम. गेल्या मार्चमध्ये आखातात शिरताना, तिच्याच पहाऱ्यात, जहाज वाळूच्या दांड्यावर चढलं.

त्या भागात कुणीतरी उपग्रहांचे सिग्नल बिघडवत होतं. आदल्या दिवशी जीपीएसने जहाज थेट एका विमानतळाच्या धावपट्टीवर नेऊन ठेवलं होतं आणि सगळे हसले होते. त्या सकाळी मात्र नकाशाच्या पडद्यावर जहाज मार्गाच्या मधोमध शहाण्यासारखं चाललेलं दिसत होतं. कालच्या गोंधळानंतर इतकं नीट दिसणं गौरवीला पटलं नाही. तिने रडारवर भूशिरावरच्या दीपगृहाचं अंतर आणि दिशा घेतली. जहाज पडद्यावरच्या जागेपेक्षा मैलभर दक्षिणेला असल्याचं निघालं. सहा मिनिटांनी पुन्हा घेतली. आता दीड मैल. दक्षिणेला उथळ पाणी होतं.

तिने कॅप्टनना फोन केला आणि सुकाणूवरच्या गौरेशला जहाज दहा अंश उजवीकडे घ्यायला सांगितलं. गौरेश मोरजीचा, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याने निमूट घेतलं.

कॅप्टन आले तेच चिडून. "कोर्स कुणी बदलला?"

"सर, जीपीएस चुकतंय. रडारवर बघा, आपण दक्षिणेला सरकलोय."

त्यांनी रडारकडे पाहिलंच नाही. पडद्यावर बोट आपटलं. "हे मार्गात आहे की नाही? कालपासून सगळ्यांना भूत दिसतंय. आधीच उशीर झालाय."

तेवढ्यात किनाऱ्यावरच्या नियंत्रण केंद्राने रेडिओवर विचारलं, तुमचं जहाज आम्हाला दोन ठिकाणी दिसतंय, खरं कुठलं? गौरवीने रेडिओ उचलला. "जीपीएसवर भरवसा नाही. रडारवरची जागा खरी. कॅप्टन ब्रिजवर आहेत, त्यांना सांगितलंय." घड्याळात दहा वाजून सोळा मिनिटं झाली होती.

कॅप्टननी तिच्या हातून रेडिओ हिसकावला. "साऱ्या बंदराला सांगायची गरज होती? जहाज आता माझ्या हातात. गौरेश, कोर्स दोनशे सत्तर."

गौरेशने जहाज परत जुन्या दिशेला वळवलं. दहा एकतीसला पायाखालचा डेक थरथरला. शेल्फवरची दुर्बीण खाली पडली. जहाज थांबलं.

कुणाला लागलं नाही. तळाच्या दोन टाक्या फाटल्या. संध्याकाळी कॅप्टनचा अहवाल तयार झाला: तिसऱ्या अधिकाऱ्याने उपकरणांकडे दुर्लक्ष केलं, जहाज रुतेपर्यंत कॅप्टनना बोलावलं नाही. ब्रिजवरचं बोलणं टिपणाऱ्या यंत्रात त्या वेळचं काही उरलं नव्हतं. जुनं आपोआप पुसलं जाण्याआधी ते जपून ठेवायचं बटण दाबायला कॅप्टन म्हणे विसरले. गौरवीने रडारवरून घेतलेली अंतरं वहीत होती, पण ती नंतर लिहिली असतील, असं कंपनीने ठरवलं. आणि अहवालाखाली साक्षीदार म्हणून गौरेशची सही होती.

पुढच्या बंदरातून तिला घरी पाठवलं आणि कंपनीच्या सगळ्या जहाजांवर तिच्या हलगर्जीपणाचं पत्रक लागलं.

आठवड्याने कंपनीच्या वास्कोच्या कचेरीतला सुदेश कोरगावला आला. कागद मेजावर ठेवून म्हणाला, "नुसतं लिहायचं की अंदाज चुकला. सहा महिने लायसन्स जाईल. मग आम्हीच परत घेऊ, एक हुद्दा वर. चौकशी, वकील, कशाला पाहिजे?"

"अंदाज माझा चुकला नव्हता."

"तसं सगळेच म्हणतात हो."

"मग त्या सगळ्यांना जाऊन विचारा. मला का विचारता?" गौरवीचा आवाज इतका चढला की शेजारची सुशीलाकाकी जनेलातून डोकावली. सुदेश चहा अर्धा टाकून उठला. कागद मात्र ठेवून गेला.

बाबा, कृष्णनाथ, तिथेच बसले होते. डिचोलीच्या खाणींवर त्यांनी वीस वर्षं ट्रक चालवला होता. ते म्हणाले, "बाय, सही करून टाक. सा म्हयने काय, बघता बघता जातले."

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"मी पण केलेली. माझ्या ट्रकाचो ब्रेक गेलो, दुकानात घुसलो. ठेकेदारान सांगल्यान, झोप लागली असा लिहून दे. दिलंय. परत कामावर घेतल्यान."

तिला हे ठाऊक नव्हतं. लहानपणापासून ती लोकांच्या तोंडून ऐकत आली होती की तिचे बाबा ट्रक चालवताना झोपले होते. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची आणि ती मारामारी करायची. "इतकी वर्षं लोक बोलत होते, आणि तुम्ही गप्प राहिलात? आईला तरी सांगितलं होतंत?"

आई शेवंती चुलीपाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही आजच कळत होतं.

गौरवीने कागद फाडला नाही. घडी करून पिशवीत घातला आणि स्कूटर काढून मोरजीला गेली.

जहाज दुरुस्तीला गेल्याने गौरेशही घरी आला होता; अंगणात जाळ्याला गाठी मारत होता. तिला बघून उभा राहिला. "मॅडम, बसा."

"बसायला आले नाही. गौरेश, तुम्ही तिथे उभे होतात. मी फोन केलेला ऐकलात. मीच सांगितल्यावर जहाज उजवीकडे घेतलंत. मग सही कशी केलीत?"

"कॅप्टननी पुढे ठेवला कागद. नाय म्हटलं तर पुढचं जहाज मिळत नाय, मॅडम. म्हातारी आई आहे, दोन पोरी आहेत."

"पोरी आहेत? उद्या त्यातली एखादी ब्रिजवर उभी राहिली आणि तिच्या बाजूचा माणूस असाच खोटं बोलला, तर तू काय करशील? काय करशील, सांग!"

ती त्याला तू म्हणाली हे दोघांनाही जाणवलं. गौरेशने मान खाली घातली. "सही मागे घेवक माझ्यान होवचा नाय," एवढंच तो म्हणाला.

परतताना मांद्र्याला तिने स्कूटर थांबवली. रस्त्याच्या कडेला बसून ती पुन्हा पुन्हा ती सकाळ आठवत राहिली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं: किनाऱ्यावरच्या केंद्रात रेडिओवरचं प्रत्येक बोलणं साठवून ठेवतात. तिथेच बसून तिने मोबाइलवरून त्या केंद्राला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तिसऱ्याला उत्तर आलं: ध्वनिमुद्रण आहे, पण सरकारी चौकशीलाच देता येईल.

तिने सही न केल्यामुळे सरकारी चौकशी नेमली गेली होती. ते उत्तर तिने चौकशी अधिकाऱ्यापुढे ठेवलं.

चौकशी वास्कोला झाली. कॅप्टन इस्त्रीच्या शर्टात आले. गौरेशने आधीचीच साक्ष पुन्हा दिली. मग अधिकाऱ्याने टेप लावली. खरखर, केंद्राचा प्रश्न, गौरवीचं उत्तर. हिसकाहिसकीत रेडिओचं बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे पुढचंही आलं, लांबून पण स्वच्छ: "जहाज आता माझ्या हातात. गौरेश, कोर्स दोनशे सत्तर."

मग गौरेश रडवेल्या आवाजात म्हणाला, "होय साहेब. मॅडमनी बोलावलेलं. रडार बघा म्हणून सांगितलेलं." गौरवीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

अधिकारी तिच्याकडे वळले. "दहा सोळा ते दहा एकतीस. ही पंधरा मिनिटं तुम्ही काय केलंत?"

"पुन्हा दोनदा सांगितलं. मग..." तिने समोरच्या टेपकडे पाहिलं. "मग गप्प झाले, सर. ते कॅप्टन होते."

गेल्या तीन महिन्यांत तिला कुणाचा सगळ्यात जास्त राग आला होता, ते तिला बोलताना कळलं: स्वतःचा.

कॅप्टनचं लायसन्स दोन वर्षांसाठी गेलं. गौरवीवर ठपका नाही, पण धोका दिसत असताना आवाज चढवायला हवा होता, असं एक वाक्य निकालात होतं. ते तिने बाबांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरा केल्यानी तसा लिवल्यानी."

दोन दिवसांनी सुदेशचा फोन. "मॅडम, अभिनंदन हो! पंधरा तारखेला कोचीहून जहाज आहे. सेकंड ऑफिसर!"

"तुमच्या सगळ्या जहाजांवर माझा हलगर्जीपणा म्हणून पत्रक लावलं होतं ना? तेवढ्याच जहाजांवर दुसरं लावा, की ते खोटं होतं."

"बघूया, वरच्यांना विचारतो."

"विचारा. तोवर फोन करू नका."

अकरा दिवसांनी पत्रक आलं. दोन ओळी, माफीचा शब्द नाही. गौरवीने ते वाचलं आणि दुसऱ्या कंपनीचा करार सही करून पाठवला. निघायच्या सकाळी शेवंतीने बॅगेत कोकमं भरताना विचारलं, "राग गेलो काय गो?"

"नाय," गौरवी म्हणाली. "आणि जायला पण नको."