दातांची पारख

“मामा, तोंड मिटू नका,” डॉक्टर ज्ञानदा म्हणाल्या, आणि खुर्चीत आडवा पडलेला सिद्धनाथ डोळे मिटून पुन्हा आ करून राहिला.

मैंदर्गीच्या बाजारात सिद्धनाथच्या शब्दाला मान होता. मेंढी गुडघ्यांत धरायची, अंगठ्याने खालचा ओठ ओढायचा आणि वय सांगायचं. दोनदाती, चारदाती. घेणारा आणि देणारा, दोघंही मुकाट मानत. दात हलायला लागलेली मेंढी चरू शकत नाही, ती कळपातून काढा, हेही तोच सांगे. आज सोलापूरच्या दवाखान्यात ओठ त्याचा ओढला जात होता. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, ते खोटं नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

खालचे पुढचे दात हलत होते. भाकरी तोडणारा माणूस ती दुधात कुस्करून खाऊ लागला होता.

“एक बी दात किडलेला न्हाय, बाई,” तो म्हणाला. “आरशात बघितलंय की. मग हालत्यात कशानं?”

“दात चांगलेच आहेत, मामा. दुखणं हिरडीचं आहे. दाताच्या मुळाशी कीट साचून दगडासारखं झालं, हिरडी सुटली आणि आतलं हाड झिजलं. खुंटा शाबूत आहे, भोवतालची माती गेली. आधी रक्त यायचं का?”

“यायचं की. लई वर्सं झाली. ब्रश केला की यायचं, म्हणून ब्रश सोडला. नुसती मिसरी लावली. थांबलं.”

तव्यावर तंबाखू भाजून, कुटून केलेली ही मिसरी. बाळाबाई ती करायची आणि सकाळी नवरा-बायको उंबऱ्यावर बसून हिरड्यांना चोळायची. रक्त थांबलं म्हणजे दुखणं गेलं, अशी दोघांची समजूत.

डॉक्टरबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. “रक्त थांबलं, दुखणं नाही. तंबाखूनं ते नुसतं झाकून ठेवलं. रक्त यायचं तेव्हाच आला असता, तर सगळे दात राहिले असते.”

“आन् आता?”

“पुढचे चार काढावे लागतील. मागचे वाचवू. मुळापासून साफ करून देते. पण मिसरी बंद. मऊ ब्रशनं सकाळी आणि झोपताना घासायचं, आणि रक्त आलं म्हणून सोडायचं नाही.”

सिद्धनाथने मान हलवली. जन्मभर त्याने दात बघितले होते. हिरडी म्हणजे दाताखालचं मांस, त्यात काय बघायचं? दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

चार दात गेले. त्या दिवशी तो घरी आला, तेव्हा बाळाबाई चुलीपुढं बसली होती. तव्यावर तंबाखू काळी पडत होती. त्याने तवा खाली उतरवला.

“अवो, जळली न्हाय अजून,” ती म्हणाली. मग त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे बघून तिचा आवाज उतरला. “लई दुखतंय का?”

“न्हाय. हिकडं ये. दारात, उजेडाला.”

“काय वो, बाजारात नेताय का मला?” ती हसली, पण उठून आली.

एवढा संसार झाला, पण हिचं तोंड त्याने कधी उघडून बघितलं नव्हतं. मेंढीचा ओठ तो सहज खसकन ओढायचा. बायकोचा त्याने दोन बोटांनी हळूच खाली केला. दात पांढरे, सरळ होते. एरवी तो तेवढंच बघून थांबला असता. आज त्याने खाली बघितलं. हिरडी दातांवरून उतरली होती आणि मुळं उघडी पडली होती.

“रक्त येतं का गं?” रिकाम्या जागेतून त्याचे शब्द फुसफुसत बाहेर आले.

“छ्या. कवाच थांबलंय,” ती समाधानाने म्हणाली. “मिसरीनं.”

दात हलवून बघायला त्याचा अंगठा पुढे गेला आणि दाताजवळ तसाच थांबला.